गॅरेजात कधीच न रुसणारी गाडी

पहाटे सुरू होत नाही म्हणून आण्णांची स्प्लेंडर माझ्याकडं तीनदा आली आणि तिन्ही वेळा पहिल्याच किकला सुरू झाली. डेअरीला दूध घालून रिकामे कॅन खडखडवत ते बाराच्या सुमाराला यायचे, गाडी उभी करायचे, मी किक मारली की गाडी चालू. आण्णा म्हणायचे, "तुझ्या दारात आली की शहाण्यावानी वागती बघ. पहाटं चारला ये आन मार की किक."

गाडी 2009 ची, हिरो-होंडा एकत्र असतानाची. दोन्ही अंगाला चाळीस लिटरचा एकेक कॅन, वर मधे पेंडीचं पोतं. आमच्या फलटणकडं अशा गाड्यांवरच दुधाचा धंदा चालतो. पहाटे गाडी सुरू झाली नाही की वस्त्यांवरची दूध काढून बसलेली माणसं खोळंबतात, आणि डेअरी काही कुणासाठी थांबत नाही.

पहिल्यांदा मी कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळून इंजिनाला पाजणारा भाग, साफ केला. दुसऱ्यांदा प्लग बदलून परत कार्ब्युरेटर साफ केला. तिसऱ्यांदा टॅपेट (इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट) वाजतात म्हणाले म्हणून टॅपेट सेट केले, आणि वर पुन्हा कार्ब्युरेटर. आण्णांनी दर वेळी न कुरकुरता पैसे दिले.

कार्ब्युरेटर साफ करणं म्हणजे पेट्रोलनं धुणं, असं लोकांना वाटतं. काही मिस्त्रींनाही वाटतं. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकाच्या तुकड्यात, तार घालणारे तर मला बघवत नाहीत. पायलट जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं, ते उजेडाला धरून बघायचं आणि उलट्या बाजूनं हवा मारायची. तारेनं भोक जराजरी मोठं झालं तर ती गाडी पुन्हा सरळ आयडल धरत नाही. एअर स्क्रू काढायच्या आधी तो किती फिरक्यांवर आहे ते मोजून ठेवायचं. बसवताना स्लाइडची खाच पिनवर बरोबर बसली पाहिजे. जबरदस्तीनं उलटी घातली तर पहिल्या किकला गाडी बोंबलत सुटते. कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणाऱ्या मॅनिफोल्डचे दोन बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे. एकच बोल्ट ताकदीनं आवळला की फ्लँज वाकतो, ओ-रिंगच्या कडेनं हवा ओढली जाते आणि मग माणूस महिनाभर जेट बदलत बसतो. हे सगळं मी तिन्ही वेळा नीट केलं होतं. फ्लोटची नीडल, म्हणजे कार्ब्युरेटर भरला की पेट्रोल अडवणारी सुई, तपासायला कार्ब्युरेटर उलटा धरून पेट्रोलच्या तोंडातून फुंकरही मारली. फुंकर अडली, म्हणजे नीडल चांगली. उस्तादांनी हेच शिकवलेलं.

माझ्याकडं आयटीआय केलेलं एक पोरगं आहे. 2020 च्या एप्रिलपासून धुराचा बीएस-6 नियम आला, नव्या गाड्यांना कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन बसलं, तेव्हापासून त्याचं सगळं लक्ष स्कॅनरवर. कार्ब्युरेटर हातात दिला की तोंड वाकडं करतो. त्याचं म्हणणं, इथेनॉलच्या पेट्रोलनं होतंय. हल्ली गॅरेजात कुठलीही गाडी आली की हेच ऐकू येतं. इथेनॉल पाणी धरतं, जुनं रबर फुगवतं, ते खरंच आहे. पण मग दुपारी बाराला ही गाडी पहिल्या किकला कशी सुरू होते? टाकीत पेट्रोल तर तेच असतं.

शेवटी डिसेंबरातल्या एका पहाटे मीच वस्तीवर गेलो. साडेचार वाजले होते, तोंडातून वाफ निघत होती. गोठ्याशेजारी उताराला, शेणाच्या चिखलात गाडी साइड स्टँडवर कललेली. आण्णांनी चोक ओढला आणि किकवर उभे राहणार, एवढ्यात मी म्हटलं, "थांबा. चोक खाली करा." मला वास आला होता. पेट्रोल कॉक बघितला तर रात्रभर चालूच. आण्णा म्हणाले, "बंद कशाला करायचा? पहाटं अंधारात कोण चाचपत बसतंय?"

प्लग काढला, तर काळा आणि ओलाचिंब. भोकाला फडकं धरून किक मारली तर फडकं भिजलं. म्हणजे गाडीला पेट्रोल कमी पडत नव्हतं, ती पेट्रोलमध्ये बुडालेली होती. आणि आण्णा रोज पहाटे चोक ओढून आणखी पाजत होते. मी कॉक बंद केला, रेस पूर्ण उघडी धरून प्लगशिवाय दहा-बारा किका मारल्या, प्लग पुसून लावला. दुसऱ्या किकला गाडी सुरू. आण्णा खूश. मी लगेच बंद केली आणि डिपस्टिक काढली. ऑइल खुणेच्या वर चढलेलं. बोटावर घेतलं तर पाण्यासारखं घसरलं आणि नाकाला नेलं तर पंपावर उभं राहिल्यासारखं वाटलं.

इथपर्यंत सरळ होतं. नीडल फुंकरीला अडते, पण रात्रभर उताराला कललेल्या गाडीत थेंबथेंब सोडते. कोडं पुढचं होतं. नीडलनं पेट्रोल सोडलं तर कार्ब्युरेटर ओव्हर मारतो आणि जादा पेट्रोल बाउलच्या, म्हणजे कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीच्या, नळीतून जमिनीवर पडतं. ती नळी दिलेली असते त्याचसाठी. खाली मातीत डाग दिसायला हवा होता. दिसला नाही. मग ते पेट्रोल चढत चढत जेटमधून मॅनिफोल्डमध्ये आणि तिथून इंजिनात उतरलं. स्प्लेंडरला कार्ब्युरेटर वर आणि सिलिंडर खाली, त्यामुळं उतरायला वाट आयती.

मोबाइलच्या उजेडात नळीचं टोक शोधलं. ते पार खाली, चेनपाशी, चिखलात. बोटानं चिखल खरवडला. नळीच्या तोंडात एक स्क्रू खोचलेला, वरून बाइंडिंग वायरचे दोन वेढे आणि तारेचं शेपूट आत वळवलेलं.

बाइंडिंग वायर पिळून सगळेच बांधतात. शेपूट आत वळवायची सवय माझी आहे. गिऱ्हाइकाच्या हाताला लागू नये म्हणून.

मग आठवलं. खंडेनवमीचा दिवस. बाहेर धुवायला दहा-बारा गाड्या, संध्याकाळी पाने-पकडी पुसून पूजेला मांडायच्या होत्या. आण्णा आले होते, पेट्रोल गळतंय म्हणत. नीडल दुकानात नव्हती. दोन दिवस चालवा, मागवतो, असं म्हणून मीच नळी बंद केली होती. दसऱ्यानंतर आण्णा आले ते गाडी सुरू होत नाही म्हणून, गळती थांबलीच होती. तिन्ही वेळा बाउल काढताना मी नळी वरच्या टोकाला ओढून काढली आणि तशीच परत बसवली. खालचं टोक बघायचं काही कारणच पडलं नाही.

"काय घावलं?" आण्णांनी विचारलं.

"नळी बंद झालती," मी म्हटलं.

त्यांनी वाकून स्क्रू बघितला. "तुझ्या पोरानं ठोकला असंल. त्याचं कुठं ध्यान असतंय."

त्या वेळी बोलायला हवं होतं. आण्णांना उशीर होत होता, असं मी स्वतःला सांगतो. ते निघून गेले, जाताना लिटरभर दूध बाटलीत भरून दिलं. दुपारी गाडी आली तेव्हा नवी नीडल टाकली, नखानं जुन्या नीडलच्या रबरावर वर्तुळाचा खड्डा लागला, इतका बारीक की डोळ्याला दिसत नव्हता. बाउलला पारदर्शक नळी लावून पेट्रोलची पातळी बघितली, ऑइल बदललं, पैसे घेतले नाहीत. आण्णा म्हणाले, "पोरावर नको चिडूस." पोरगं शेजारीच पंक्चर काढत होतं. त्यानं वर बघितलं, पण काही विचारलं नाही.

गाडी आता पहाटे दुसऱ्या किकला सुरू होते. टॅपेटचा आवाज मात्र गेलेला नाही. पातळ ऑइलवर अडीच महिने, दोन कॅन घेऊन, ही गाडी रोज पळालीय. हेडमधले व्हॉल्व्ह हलवणारे रॉकर आणि कॅम खाल्ले असणार. रविवारी हेड उघडायचं ठरलंय. आण्णांनी काल फोन करून विचारलं, "खर्च किती यील रं?"

उघडून बघतो, मग सांगतो, एवढंच म्हटलं.