इम्पॅक्टसाठी बाहेरच्या बॅटऱ्या घेतल्या, माझा अनुभव

आमचं काम सोलर फिटिंगचं, अमळनेर-पारोळा-धुळे पट्ट्यात. 2024 ला सूर्यघर योजना आली तेव्हापासून गच्चीवरचं काम एवढं वाढलंय की इम्पॅक्ट ड्रायव्हर (बॅटरीवरचं स्क्रू मारायचं मशीन) हातातून सुटत नाही, आणि त्याच्यासोबत आलेल्या कंपनीच्या दोन्ही बॅटऱ्या रगडून रगडून आता पार बसल्या होत्या. दहा-बारा सेल्फ ड्रिलिंग स्क्रू मारले की मशीन हळू. कंपनीच्या नव्या बॅटरीचा भाव काढला तर दोन बॅटऱ्यांच्या पैशात तसंच नवं मशीन येत होतं. म्हटलं ऑनलाइन कंपॅटिबल, म्हणजे त्याच मशीनला बसणाऱ्या दुसऱ्यांच्या बॅटऱ्या मिळतात त्या बघू.

बघायला बसलो तर डोकंच फिरलं. एकावर 48 व्हीएफ, दुसरीवर 88 व्हीएफ, तिसरीवर 128 व्हीएफ, जणू तेवढे व्होल्टच, आणि फोटो सगळ्यांचा एकच. आत मात्र सगळ्यांच्या पाच सेल सिरीजमध्ये, म्हणजे पाच गुणिले 3.6, सरळ 18 व्होल्ट, फुल चार्ज झाली की 21. आपल्याकडे 21 व्होल्टची म्हणून विकतात ती पण हीच. एएचचं (अँपिअर-आवर, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो) पण तसंच. यात जो 18650 सेल असतो (18 मिमी जाड, 65 मिमी लांब) तो चांगल्यातला चांगला 3500 एमएएचच्या (साडेतीन एएच) आसपासचा, आणि मशीनला लागतो तसा जोरात करंट देणारा बहुतेक 2000 ते 3000 चा. सिरीजमध्ये व्होल्ट वाढतात, एएच एकाच सेलएवढे राहतात. मग एका ओळीत पाच सेल बसतील एवढ्याशा डब्यात 6 एएच येणार कुठून? त्याला दहा सेल पाहिजेत, पाचच्या दोन ओळी.

हे सगळं मला धुळ्याला ई-रिक्षाच्या बॅटऱ्या बांधणाऱ्या एका नानांनी समजावलं. मी मोबाइलवर लिस्टिंग दाखवत होतो तर ते म्हणे, "लेबल नको देखू भाऊ, वजन देख." एक सेल साधारण 45 ते 48 ग्रॅमचा. दहा सेल म्हणजे साडेचारशेच्या वर, त्यात डबा, पट्ट्या, सर्किट, म्हणजे खरी दहा सेलची बॅटरी सहाशेच्या पुढेच भरायला पाहिजे. खोलायची गरजच नाही. आणि खोलूच नये, सील तुटलं की रिटर्न विसरा.

मग मुद्दाम एकच मागवली, 6 एएच लिहिलेली, रिव्ह्यू बरे होते. यायला वेळ लागला, कारण सुटी लिथियम बॅटरी प्रवासी विमानाच्या कार्गोतून जात नाही. पार्सल फोडतानाचा व्हिडिओ काढला आणि तशीच गल्लीतल्या किराणा दुकानात नेऊन काट्यावर ठेवली. 390 ग्रॅम. दुकानदार म्हणे काय मोजतो रे, तर त्याला काय सांगणार.

तरी म्हटलं खात्री करू. ट्रकचा 24 व्होल्टचा हेडलाइट बल्ब लावला, मध्ये डीसी वॉटमीटर (बॅटरीतून किती एएच निघाले ते मोजतो, सोलरवाल्यांकडे असतोच), आणि बल्ब अडीच अँपिअरच्या आसपास खेचत होता. इथं एक सांगतो, अशी टेस्ट लावून चहाला जाऊ नका. बऱ्याच बॅटऱ्यांचा लो व्होल्टेज कट (व्होल्ट फार उतरले की बंद करणारा) मशीनमध्ये असतो, बॅटरीत नाही, त्यामुळे बल्ब तिला पार कोरडी करून टाकेल. मीटरवर 15 व्होल्ट दिसले की काढायचं, म्हणजे सेलमागे 3. माझी तिथपर्यंत आली तेव्हा मीटरवर होते पावणेदोन एएच. 6 चे पावणेदोन! काट्याचा आणि मीटरचा फोटो टाकला, विक्रेत्याने आधी "चार्जर बदलून बघा" वगैरे केलं, मग पैसे परत.

दुसऱ्या वेळी शोधायची पद्धतच बदलली. ज्याने वजन लिहिलंय त्याचीच बघायची, आणि विक्रेत्याला मेसेज करून लेबलचा फोटो मागायचा. त्याच्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) आर नंबर, म्हणजे नोंदणी नंबर पाहिजे, आयएस 16046 या बॅटरीच्या मानकाचा, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की बनवणाऱ्याचं नाव येतं. निम्म्या लोकांनी उत्तरच दिलं नाही. एकाने दिलं, नंबर जुळला, लेबलावर 6 नाही तर साधं 5 एएच लिहिलेलं. थोडी महाग होती पण कंपनीच्या निम्म्याच्या आतच. ही 640 ग्रॅम भरली आणि बल्बवर 4.3 एएच दिले. माझ्या मते पास.

एक खोट मात्र वापरल्यावर कळली. कंपनीची बॅटरी उन्हातून आणून लगेच लावली तर चार्जर गरम बॅटरीचा दिवा लावून थांबतो, गार झाल्यावरच चार्ज घेतो. ही तापलेली असली तरी लगेच चार्ज व्हायला लागली. नानांना विचारलं तर म्हणे स्वस्तातल्या काही जण टेंपरेचर सेन्सरच्या जागी साधा रेझिस्टर टाकून देतात, चार्जरला वाटतं सगळं गारच आहे. माझ्या बॅटरीत तसंच आहे का ते रिटर्नची मुदत संपल्यावर खोलून बघणार आहे. तोपर्यंत सावलीत ठेवून हाताला गार लागल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही, आणि रात्री लावून झोपायचं तर नाहीच. लिथियम सेल 45 डिग्रीच्या वर चार्ज करू नये म्हणतात, आणि मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच तेवढं होतं, पत्र्यावर ठेवलेल्या बॅटरीचं तर बोलूच नका.

आता हिच्यासारखीच अजून एक मागवली, ड्रिल आणि इम्पॅक्टला दोन्ही मस्त चालताहेत. ग्राइंडरला लावत नाही, तो लोडवर तीसेक अँपिअर सहज खेचतो, त्याला कंपनीचीच ठेवलीय. पोरांना पण सांगून ठेवलंय, आणि घोळ नको म्हणून बाहेरच्या दोघींना लाल टेप मारलाय.