गॉब्लिन व्हॅली, यूटा: मोआबला जाताय तर एक रात्र इथे काढाच

आपली मंडळी यूटातल्या मोआब गावी जातात, आर्चेस आणि कॅन्यनलँड्स ही नॅशनल पार्कं बघतात आणि परत फिरतात. गॉब्लिन व्हॅली स्टेट पार्क कुणाच्या प्लॅनमध्ये नसतंच, म्हणून मुद्दाम लिहितेय.

ग्रीन रिव्हर गावाच्या पुढे आय-70 हा मोठा हायवे सोडून हायवे 24 धरायचा, पार्कपर्यंत डांबरी रस्ता आहे, साधी कार आरामात जाते. नॅशनल पार्कचा वर्षाचा पास इथे चालत नाही, हे स्टेटचं पार्क, वेगळी फी भरावी लागते.

पार्किंगजवळ सावलीची शेड आहे, तिथूनच खाली हजारो बुटके लाल-तपकिरी दगड दिसतात, टोप्या घालून जत्रेला जमल्यासारखे. आधी एकदा ही दरी पाहून गेलेले फेरीचालक आर्थर चॅफिन यांनी 1949 मध्ये इथे परत येऊन फोटो काढले तेव्हा याला मशरूम व्हॅली म्हटलं होतं, स्टेट पार्क झालं 1964 ला. साधारण 17 कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्रकाठची चिखलवाळू होती, तिचेच हे एन्ट्राडा सँडस्टोन नावाच्या वालुकाश्माचे थर. वरचा थर कडक, खालचा मऊ, मग वारापाण्याने खालचा आधी झिजतो आणि मान बारीक होत जाते.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे दरीत ठरलेली वाट अशी नाहीच, कुठूनही शिरा, कुठेही वळा, मुलं तर लपाछपी खेळत सुटली आणि आईबाबा पायऱ्या उतरून पहिल्या रांगेतल्या दगडांशी निवांत फिरले, दमल्यावर वर शेडमध्ये जाऊन बसले. फक्त आत गेल्यावर सगळं सारखंच दिसायला लागतं, त्यामुळे शेड कुठल्या बाजूला आहे ते अधूनमधून बघत राहा. आणि प्लीज, दगडांवर चढू नका, ढकलू तर अजिबात नका. 2013 मध्ये स्काउटच्या मुलांना घेऊन आलेल्या मोठ्या माणसांनी एक दगड ढकलून पाडला, त्यावर कोर्टकेस झाली, पण तो दगड काही परत उभा राहणार नाही ना.

दुपार टाळा, चार-पाच नंतर उतरा, तेव्हा रंग खरे खुलतात. रात्री थांबलात तर आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते, 2016 पासून हे अधिकृत डार्क स्काय पार्क (रात्रीचा नैसर्गिक अंधार जपलेलं ठिकाण) आहे, पण कॅम्पसाइट थोड्याच आहेत, बुकिंग खूप आधी करा. आणि अमावस्येच्या आसपासची तारीख बघा, चंद्राचा उजेड असला की तारे फिके पडतात.

सकाळी जवळच्या लिटल वाइल्ड हॉर्स कॅन्यनला जा, भिंती इतक्या जवळ येतात की आडवं होऊन सरकावं लागतं. पाऊस लांब कुठे पडला तरी पुराचं पाणी या घळीत अचानक घुसतं, म्हणून आधी रेंजरला विचारा, तो नको म्हणाला तर जाऊच नका.

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बेस्ट, जुलैत पारा 38 च्या वर जातो. पेट्रोल आणि खाणं ग्रीन रिव्हर किंवा हँक्सव्हिल गावातच भरून घ्या, मधे काही नाही.