सिमरोलच्या पुढचा उतार

आषाढीला पंढरपूर आम्हाला जमत नाही. शाळा नुकती सुरू झालेली असते, इंदूरहून तेवढे दिवस रजा कोण देणार? म्हणून रामबागेतलं आमचं भजनी मंडळ श्रावणात पायी ओंकारेश्वरला जातं आणि त्यालाच वारी म्हणतं. जवळपास 80 किलोमीटर, तीन मुक्काम. टाळ असतात, अभंग असतात, फक्त शेवटी विठोबाऐवजी महादेव.

मी भूगोल शिकवतो, बावीस वर्षं झाली. जलविभाजक, म्हणजे जिथून पावसाचं पाणी दोन वेगळ्या नद्यांकडे वाटलं जातं ती उंच जागा, शिकवताना फळ्यावर त्रिकोणी डोंगर काढायचा, दोन बाजूंना दोन बाण, की झालं. त्यामुळे जलविभाजक म्हणजे काहीतरी टोकदार असणार, असं माझ्याही डोक्यात बसलेलं.

पहिला दिवस सपाट. तेजाजी नगर मागे पडलं की दोन्हीकडे सोयाबीन आणि काळ्या मातीचा चिखल. चपलेला इतका चिकटतो की वीस पावलांत माणूस दोन बोटं उंच होतो. ही माती साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची झीज, हे मी वर्गात एका वाक्यात उरकतो. ते वाक्य आता दिवसभर पायाला चिकटून होतं.

सिमरोलच्या पुढे पावसाने गाठलं. टपरीत चहाला थांबलो. टपरीवाला म्हणाला, "अब उतार है, संभल के।" मला उतार कुठे दिसेना. शेतं, दोन बाभळी, विजेचा खांब. मग लक्षात आलं, हाच तो जलविभाजक! टोक नव्हतंच. अलीकडच्या शेतातलं पाणी खान नदीतून क्षिप्रेला, तिथून चंबळ, यमुना, गंगा करत बंगालच्या उपसागरात. पलीकडचं चोरल नदीतून नर्मदेला आणि भरूचपाशी अरबी समुद्रात. नेमकी रेष टपरीच्या अलीकडे की पलीकडे, एवढं मात्र नकाशा बघून सांगावं लागेल.

पुढे भेरूघाट. नकाशात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, एकमेकींना चिकटतात, तिथे गुडघे बोलायला लागतात. इंदूर साधारण 550 मीटरवर, बडवाह दोनशेच्याही खाली. भोवती सागवान, पांढऱ्या तुऱ्यांनी भरलेलं. हवा जड होत गेली, शर्ट अंगाला चिकटला.

घाटातच समोरून कावडिये भेटले. ओंकारेश्वरहून नर्मदेचं पाणी घेऊन उज्जैनला महाकालकडे निघालेले, भगवे कपडे, अनवाणी पाय. माझ्या डोक्यात मास्तर जागा झाला: ही मुलं नर्मदेचं पाणी खांद्यावरून जलविभाजकाच्या पलीकडे नेताहेत. आणि ती एकटी नाहीत. इंदूरच्या नळाला येणारं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पंपांनी असंच वर चढवलेलं. 2014 पासून तर क्षिप्रेतही उज्जैनी गावापाशी नर्मदा सोडतात. म्हणजे आम्ही सकाळी तोंड धुतलं की नर्मदेचं ते पाणी गटारातून खान नदीत जाणार आणि बंगालच्या उपसागराची वाट धरणार. 'डग-डग रोटी, पग-पग नीर' अशी माळव्याची ख्याती; नीर मात्र आता खालून वर आणावं लागतं.

हे सगळं मी बरोबरच्या आजींना उत्साहाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, आधी पाय पुसा, फोड फुटलाय."

बलवाडा, बडवाह लंगडतच झालं. माळवा संपून निमाड लागलं, सोयाबीनच्या जोडीला कापूस दिसू लागला. मोरटक्क्याच्या पुलावरून नर्मदेचं पात्र पाहिलं. विंध्य आणि सातपुड्याच्या मध्ये खचलेल्या दरीतून पश्चिमेला निघालेली 1312 किलोमीटरची नदी, गढूळ आणि घाईत. ओंकारेश्वरचं देऊळ आहे त्या मांधाता बेटावर पोचलो तेव्हा तिन्हीसांज झाली होती. दर्शनाची रांग लांब होती, धक्काबुक्कीही झाली, त्याचं काय लिहायचं.

सकाळी घाटावर आजींनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या दोन बाटल्या काढल्या.

"घरी नळाला हेच येतं ना, सर?"

"हेच."

"हं." त्यांनी वाकून पहिली बाटली भरली, कपाळाला लावली, मग दुसरी भरून माझ्याकडे दिली. "टोपण घट्ट लावा. घाटात बस फार हलते."