हुतात्मा चौकातला पूल

सप्टेंबर 2019. गणपती उरकून निघालेली आमची युरोपची टूर प्राग, व्हिएन्ना करत बुडापेस्टला आली होती. चौतीस माणसं, त्यातली निम्मी निवृत्त. सांगलीचे एक सर होते, आयुष्यभर इतिहास शिकवलेले. बसमध्येच त्यांनी मला बजावलं होतं, "एखादं चर्च राहिलं तरी चालेल गं, पण इम्रे नॉजचा पूल चुकवू नकोस."

हा पूल म्हणजे स्मारक. पार्लमेंटजवळच्या छोट्या चौकात एक लहानसा कमानदार पूल आणि त्याच्या मधोमध हॅट-ओव्हरकोटातला नॉजचा पुतळा, पार्लमेंटकडे बघत उभा. 1996 साली बसवलेला. हंगेरीतल्या 1956 च्या सोव्हिएतविरोधी उठावात हा कम्युनिस्ट पंतप्रधान लोकांच्या बाजूने उभा राहिला. सोव्हिएत रणगाड्यांनी उठाव चिरडला आणि 16 जून 1958 ला त्याला फाशी दिली. चौकाचं नाव वेर्तानूक तेरे, म्हणजे सरळ हुतात्मा चौक. आमच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत त्या पुलाचा फोटो होता.

आम्ही चौकात पोचलो आणि तिथे पूल नव्हता. बांधकाम चालू होतं. सरांनी हातातला कागद बघितला, चौक बघितला, मग माझ्याकडे. "अगं, पूल कुठाय?"

मला उत्तर देता येईना. माणसं आयुष्यभराची पुंजी मोडून येतात, आणि मी त्यांना नसलेली गोष्ट दाखवायला आणलं होतं. आमच्या ऑफिसने तपासलं नव्हतं, मीही नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

आमची तिथली गाईड पन्नाशीची होती. ती इंग्रजीत सांगायची, मी मराठीत. 28 डिसेंबर 2018 ला पुतळा हलवला, ती म्हणाली. पार्लमेंटचा परिसर 1944 च्या आधी होता तसा करायचा, हे सरकारचं धोरण. या जागी पूर्वी दुसरंच स्मारक होतं. 1919 मध्ये 133 दिवस कम्युनिस्ट राजवट होती, तिच्यात मारल्या गेलेल्यांचं. ते 1934 साली उभारलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पाडलं. आता तेच परत बांधत होते. चौक हुतात्म्यांचाच राहणार होता, हुतात्मे तेवढे बदलणार होते.

"पण मग यांचं काय?" सरांनी फोटोवर बोट ठेवलं.

ती थोडी थांबली. मग 1989 चं सांगायला लागली. फाशीनंतर नॉजला निनावी पुरलं होतं, तोंड जमिनीकडे करून. त्याच तारखेला, 16 जूनला, एकतीस वर्षांनी हीरोज स्क्वेअरवर त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना सन्मानाने निरोप दिला. सहा शवपेट्या होत्या. पाच त्यांच्या आणि सहावी रिकामी, उठावात मेलेल्या अनाम लोकांसाठी. ती तेव्हा वीस वर्षांची होती, वडिलांबरोबर गेली होती. वडिलांनी सबंध वेळ तिचं मनगट घट्ट धरून ठेवलेलं. भाषणांच्या शेवटी सव्वीस वर्षांचा एक पोरगा उभा राहिला आणि सोव्हिएत फौजांनी परत जावं असं उघड बोलला. वडिलांचा हात तेव्हा सुटला, टाळ्या वाजवायला.

"ऑर्बान व्हिक्टर," ती म्हणाली. म्हणजे हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान. "पुतळा हलवला तो त्यांच्याच सरकारने."

मी हे मराठीत सांगितलं आणि कोणी काही बोललं नाही. सर मात्र त्या नावाशीच अडले. "आडनाव आधी?" हो, हंगेरीत नाव तसंच सांगतात, नॉज इम्रे, ऑर्बान व्हिक्टर. "आमच्या हजेरीपटासारखं," सर म्हणाले. मी ते गाईडला सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

सात वाजता डॅन्यूबवर बोटीतलं जेवण होतं. वेळापत्रकात जागा नव्हती. तरी मी ड्रायव्हरला फोन केला, बस पुढे मागवली, आणि सगळ्यांना घेऊन दोन नंबरच्या ट्रामने शेवटच्या थांब्यावर गेले, यासाई मारी तेरला. पुतळा तिथेच हलवला होता. कुरकुर झाली, दोघांनी तक्रार लिहून देईन म्हटलं. देऊ देत, असं मी ठरवून टाकलं.

पूल तिथे होता. तोच, तसाच. पण समोर पार्लमेंट नव्हतं. पार्लमेंटकडे पाहत राहणं हाच त्या पुतळ्याचा जीव होता, आणि माझ्या मते तोच काढून घेतला. गाईडने शेजारची मोठी पांढरी इमारत दाखवली. ज्या पक्षाच्या राजवटीत नॉजला फाशी झाली, त्याचं मध्यवर्ती कार्यालय तिथेच होतं.

सर टोपी काढून पुलाच्या कठड्याशी उभे राहिले. फोटो काढू का विचारलं तर नको म्हणाले. मग खिशातलं पेन काढून त्यांनी कार्यक्रमपत्रिकेवर चौकाचं नाव खोडलं, नवं नाव लिहिलं आणि कागद माझ्या हातात दिला. "ऑफिसात दे. पण जुनं नाव पुसू नका, कंसात ठेवा."

आता माझ्या टूरला आधी वेर्तानूक तेरे असतो. तिथे 1934 च्या स्मारकाची प्रतिकृती उभी आहे, तीही दाखवते, तिच्यातली माणसंही मेलेलीच होती. मग सगळ्यांना घेऊन दोन नंबरची ट्राम पकडते.