अक्कांची सून

दिंडीच्या वहीत माझं नाव लागलं ते 'अक्कांची सून' असं. खोडायला सांगणार होते. पण कोर्टात तारखा चालू आहेत, सून म्हणून माझे फार तर तीन-चार महिने उरलेत, हे भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरताना दिंडीप्रमुखांना कुठल्या तोंडानं सांगायचं? राहू दिलं.

अक्कांनी ओळीनं 26 वाऱ्या केल्या. 27वी माझ्यापायी चुकली. लाल औषधाच्या चार केमो संपून दर आठवड्याच्या 12 सुरू झाल्या होत्या. त्यांची वळकटी बांधून दाराशी ठेवलेली होती. प्रस्थानाच्या आदल्या रात्री त्यांनीच ती सोडली आणि सतरंजी माझ्या पलंगाखाली अंथरली. माझे केस गेले तेव्हा घरातले कंगवे एकाएकी दिसेनासे झाले. स्वतः अक्का बोटांनी केस सारखे करून अंबाडा घालायच्या.

आणि त्याच आठ महिन्यांत त्यांच्या मुलाचं बाहेर काय चाललंय ते त्यांना सगळं माहीत होतं. मला कळलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "तुझं औषध संपायची वाट बघत होते." माझ्यासाठी वाट बघत होत्या की लेकासाठी? विचारायचं राहिलं. पौषात झोपेतच गेल्या.

चुकलेली वारी फेडायला निघाले, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला भांडायचं होतं, आणि त्यांना गाठायला ही एकच वाट मला माहीत होती.

दिवेघाट एकादशीच्या पोटी चढले, फोटोत दिसतो तेवढा सुंदर तो चढताना दिसत नाही. सासवड, जेजुरी, वाल्हे. नीरेत पादुकांना स्नान घातलं तेव्हा मी गर्दीच्या मागे होते. चांदोबाच्या लिंबाला रिंगण झालं म्हणे, मी शौचालयाच्या रांगेत होते. राहुटीत आम्ही बावीस बायका. माझ्या शेजारची घोरायची, पलीकडची पहाटे अडीचला काकड्याच्या आधीच पिशव्या कुरकुरवायची. सगळ्या एकमेकींच्या पाया पडायच्या आणि पाण्याच्या नळावर एकमेकींचे हंडे सरकवायच्या. टाळ मी नुसता धरायचे. डाव्या काखेतल्या गाठी काढल्यापासून त्या हातानं जोर लावायचा नाही, त्यावर कायम घट्ट बाही. "उन्हाची लावलीस का गं?" एकीनं विचारलं. हो म्हटलं.

आंघोळ सगळ्या उठायच्या आत, टँकरमागे, अंधारात उरकायची. एक बाजू सपाट आहे ते कुणी बघू नये म्हणून.

बरडहून नातेपुत्याला निघालो त्या दिवशी ढग नव्हताच. त्या बारा केमोंनी माझे तळवे बधिर केलेत, खडा टोचला तरी उशिरा कळतं. त्यामुळे फोड आला, वाढला, मोजा ओला झाला, तरी मी आपली चालतेय. रस्त्याच्या कडेला एका बाईनं माझा हात धरून खाली ओढलं. आमच्या दिंडीतली नव्हे. हिरवं लुगडं, कमरेला पिशवी, परभणीकडची बोली.

"बस इथं. रगत दिसतंय तुझ्या मोज्याला."

बाभळीची सावली हातभर. तिनं माझा पाय मांडीवर घेतला, मोजा सोलून काढला. टाचेपासून बोटांपर्यंत मोठा एक फोड, शेजारी दुसरा, त्याचं कातडं फाटलेलं. पिशवीतून सुई काढली, काडी ओढून तापवली, पांढरा दोरा ओवला. धडक्या फोडाच्या एका कडेनं सुई आत, दुसऱ्या कडेनं बाहेर. दोरा तसाच आत ठेवून दोन्हीकडं बोट-बोट सोडून दातानं तोडला. पाणी दोऱ्यावरून ठिबकायला लागलं. मी बघत होते, दुखत काहीच नव्हतं.

"वरडत कशी नाहीस?"

"पाय बधिर आहेत. औषधानं."

"कशाचं औषध?"

सांगितलं. तिनं बाहीकडे पाहिलं, छातीकडे पाहिलं, सरळ, मापं घेणाऱ्या शिंपिणीसारखं. "काढलं?"

"काढलं."

"मालक काय करतेत?"

"गेले."

सुई पदरात खोचता खोचता तिनं विचारलं, "देवाघरी का दुसऱ्या घरी?"

मला हसू आलं ते आवरेना. दीड वर्षात मी तशी हसले नव्हते, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. तिला त्याचं काही नाही. "माझा बी तसलाच होता," म्हणाली, "पुन्हा मेला. दोन्ही झालं माझं." फाटक्या फोडावर फडक्याची पट्टी बांधली, पाय खाली ठेवला आणि त्यालाच हात लावून कपाळाला नेला. मी चिडून पाय ओढला, माझ्या आईच्या वयाची बाई. तिनं माझी पाण्याची बाटली उचलली, "ही ऱ्हाऊ दे मला," म्हणाली आणि पताकांमध्ये मिसळून गेली. दिंडीचा नंबर विचारायचा सुचलं नाही.

त्या रात्री मेल्यासारखी झोपले. जाग आली तेव्हा टँकरपाशी गर्दी झालेली. दोघींनी लुगडं आडवं धरलं होतं, त्याआड मीही गेले. पाणी बर्फ. पलीकडच्या पिशव्यावाल्या आजी माझ्याकडे वळल्या, बघितलं, आणि म्हणाल्या, "साबण दे की जरा." परत दिला नाही.

माळशिरसच्या तळावर समाजआरतीला चोपदारांनी दंड उंच केला आणि 'हो' झाली. सगळे टाळ थांबले, एका दिंडीचे सोडून. ज्यांची तक्रार असते ते टाळ थांबवत नाहीत. चोपदार तिथं जाऊन विचारेपर्यंत वाजवत राहतात. पाण्याचं की वाटेचं काहीतरी होतं, ऐकू आलं नाही. ते मिटलं, टाळ थांबले. मी डाव्या हातातला टाळ उजव्यावर हळूच एकदा आपटला. शेजारची दचकली. मग आरती सुरू झाली.

अक्का काही बोलल्या नाहीत. वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. हिरवं लुगडं दिसलं की मी मान वळवायचे. पंढरपुरात पदस्पर्शाची रांग बघूनच बसकण मारली, कळसाला हात जोडले. चंद्रभागेत अक्कांच्या नावानं एक बुडी मारली, त्यांच्यावरचा राग तसाच ठेवून.

द्वादशीला उपास सोडून ट्रक भरत होते. दिंडीप्रमुख वही घेऊन आले. पुढच्या साली कोण कोण? माझ्यापाशी येऊन वाचलं, "अक्कांची सून. हेच ठेवू ना?"

"माझं नाव घाला," म्हटलं. "अक्कांची सून कंसात लिहा."

"कंसाला जागा नाही," ते म्हणाले, आणि समासात आडवं लिहिलं.