शाळेत गरीब गाय, घरात वादळ

पालकसभेला विराजची (नाव बदललंय) आई आणि आज्जी दोघी आल्या, तेव्हा माझ्याकडं सांगायला नुसतं कौतुकच होतं. साडेचार वर्षांचा पोरगा. चप्पल जागेवर, डबा चाटूनपुसून साफ, कुणी हातातली गाडी ओढून घेतली तरी गप. आई खाली मान घालून ऐकत होती. आज्जींनी मात्र मधेच तोडलं, "बाई, तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या पोराचं सांगालाय काय?"

मग एकेक बाहेर पडलं. घरात आला की दप्तर एकीकडं, बूट एकीकडं. केळ्याचं साल आईनं सोललं, त्याला सोलायचं होतं, म्हणून अर्धा तास जमिनीवर लोळण. आईला बोचकारतो, आज्जीवर वाटी फेकतो. वडील शिरोलीत फौंड्रीत, रात्रपाळी करून झोपलेले. त्यांची झोप मोडते, मग फटका बसतो. शिवाजी पेठेत भिंतीला भिंत लागून घरं, त्यामुळं शेजारच्या काकूंचा निकाल तयारच होता : शाळेत बाईंना भितोय, घरात आईचा धाक न्हाई. हे सांगताना आईचा आवाज फुटला.

धाकाचं हे गणित मी दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकते आणि दर वर्षी चिडते. मी विचारलं, "रविवारी कसा असतो?"

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. "रविवारी तसं काय करत न्हाई," आज्जी म्हणाल्या. "रंकाळ्यावर नेलं तर परत यायला कुरकुर करतोय, तेवढंच." मे महिन्याच्या सुट्टीत? तेव्हाही नव्हतं म्हणे. आता आई तीच, आज्जी तीच, घर तेच. धाक कमी असता तर रविवारीही कमीच पडला असता की.

जाता जाता आईनं विचारलं, "ह्याची कॉलर रोज ओली असती बाई. पाणी सांडतो का?"

सोमवारी मी नुसती कॉलर बघत बसले. कुणीतरी त्याचे ठोकळे ओढले : त्यानं दिले, आणि कॉलरचं टोक तोंडात. मधल्या सुट्टीचा कल्ला : कॉलर तोंडात. शू लागलीय पण विचारायचं कसं : कॉलर. सुट्टी होईपर्यंत ते टोक चघळून चोथा झालं होतं. शहाणपणा चालला होता तो असा.

स्वतःला आवरण्याचं काम मेंदूचा कपाळामागचा भाग करतो आणि तो पुरता तयार व्हायला माणसाची पंचविशी उजाडते. साडेचार वर्षांच्या जिवानं शाळाभर दम धरायचा, मग जिथं आपल्याला कुणी टाकणार नाही याची खात्री, तिथं सोडून द्यायचा. त्यात भूक. त्यात झोप. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नका, असं सरकारनं २०२४ मध्ये सांगितलं ते पोरांच्या झोपेसाठीच. पण विराज झोपायचा रात्री अकराला, उठायचा सातला. या वयाला दिवसाकाठी १० ते १३ तास झोप लागते.

आम्ही फार मोठं काही केलं नाही. फाटकातच हातात गूळ-शेंगदाणे, पहिला अर्धा तास "आज काय शिकवलं?" बंद, नऊला अंथरूण. राग आला तर येऊ दे, पण मारायला उठला की हात धरायचा. फटके मात्र बंद, हे वडिलांना पटवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. शाळेत शू विचारायला बोटाची खूण ठरवली, आणि "माझं आहे, देणार नाही" हे वाक्य त्याच्याकडून खेळात म्हणवून घेतलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर लाल ट्रॅक्टरवरून त्यानं "न्हाई देत, जा!" अशी आरोळी ठोकली की शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या. घरचे दंगे तोवर निम्म्यावर आले होते, बंद नव्हते झाले. न्यायला आलेल्या आज्जींना मी ही बातमी सांगितली.

"म्हंजे आता दोन्हीकडं दंगा?"

"वाटून घेऊ, आज्जी."

"घ्या बाई," त्या दप्तर खांद्याला लावत म्हणाल्या, "निम्म्याहून जास्त तुम्हीच घ्या."