आमच्या गुणगौरव सोहळ्यातली मानपत्रं

आमच्या महाविद्यालयाचा गुणगौरव सोहळा दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात होतो. तो पुढे ढकलायचा विषय निघाला, की माजी विद्यार्थी मंडळाची कार्यवाह म्हणून माझा पहिला विरोध ठरलेला. 3 जानेवारी ही सावित्रीबाईंची जयंती आणि 6 जानेवारी हा पत्रकार दिन, कारण 1832 साली त्याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केलं. बी.एड. आणि जनसंज्ञापन (मास कम्युनिकेशन) हे दोन्ही विभाग एका इमारतीत नांदतात अशा महाविद्यालयाला याहून योग्य आठवडा कुठला मिळणार? मंचावर दोन तसबिरी शेजारी शेजारी असतात. बी.एड.च्या नव्या मुलींना वाटतं, सावित्रीबाई आपल्या आणि बाळशास्त्री समोरच्या विभागाचे. मी एखादीला तरी बाजूला घेऊन सांगतेच, अगं, ते आपलेही आहेत. एल्फिन्स्टनमध्ये त्यांनी शिकवलं, शिक्षक घडवणारा वर्ग चालवला आणि 1846 मध्ये पस्तिशीही न गाठता गेले. एवढ्याशा आयुष्यात आमचे दोन्ही विभाग त्यांनी एकट्याने सांभाळले.

दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल, श्रीफळ, पुस्तक हे सगळीकडे असतं तसं आमच्याकडेही असतं. मग प्राचार्य अहवाल वाचतात. प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षांत कोण नेट झालं, कोण सेट, कोणाला पीएच.डी. मिळाली, कोणाचा माहितीपट कुठल्या महोत्सवात दाखवला गेला, कोण महापालिकेच्या शाळेत लागलं, कोण वृत्तवाहिनीत. त्यातलं एकेक नाव कष्टाने मिळवलेलं असतं, म्हणून मी प्रत्येकाला टाळ्या वाजवते. पण मी ज्याची वर्षभर वाट पाहते ते त्यानंतर सुरू होतं.

आमच्याकडे प्राध्यापकांचं मानपत्र विद्यार्थी लिहितो आणि विद्यार्थ्याचं मानपत्र त्याचे शिक्षक लिहितात. ज्याने लिहिलं त्यानेच उभं राहून वाचायचं. ही पद्धत जनसंज्ञापन विभागातल्या एका जुन्या सरांनी घालून दिली. ‘ज्ञानमहर्षी’, ‘व्यासंगी’, ‘विद्यार्थिप्रिय’ असं काही दिसलं की ते लाल रेघ मारायचे आणि म्हणायचे, “तू काय पाहिलंस ते लिही.” सर निवृत्त झाले, तरी मुलं अजून मसुद्यातली विशेषणं स्वतःच खोडून आणतात.

बी.एड. विभागातल्या एका बाईंना पीएच.डी. मिळाली त्या वर्षीचं मानपत्र मी कधी विसरणार नाही. पदवी त्यांना फोर्टच्या दीक्षान्त सभागृहात मिळाली होती, 1874 मध्ये बांधून झालेल्या त्या देखण्या वास्तूत, राजाबाई टॉवरच्या शेजारी. तो मान मोठाच. पण आमच्या सभागृहात त्यांच्या वर्गातली एक मुलगी उभी राहिली आणि तिने वाचलं : “बाईंच्या पर्समध्ये दोन पेनं असतात. निळं प्रबंधासाठी, लाल आमच्या पाठ टाचणांसाठी. बदलापूरहून येताना बसायला जागा मिळाली तरच निळं बाहेर निघतं. इथे आल्यापासून आम्ही पाहतोय, लाल पेनच आधी संपतं.” पुढच्या रांगेत बाईंच्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा न लावताच हातात धरून ठेवला. बाई मात्र मान खाली घालून शालीच्या काठाशी चाळा करत राहिल्या.

दुसरं एका छात्राध्यापकाचं. तो पहाटे कुर्ल्याला पेपरची लाइन टाकायचा आणि मग सरावपाठाला शाळेत हजर व्हायचा. त्या वर्षी बी.एड.ला तो महाविद्यालयात पहिला आला. त्याच्या मार्गदर्शक बाईंनी वाचलं : “पहिल्या पाठाला याचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नव्हता. मी शेरा दिला, आवाज वाढवा. शेवटच्या पाठाला मीच मागच्या बाकावर बसले होते. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा पाहिलं, निरीक्षण वही कोरीच होती.” 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. आमच्या वेळी एका वर्षात सगळं उरकायचं असे, शिक्षकांना आमची नावं पाठ होईपर्यंत परीक्षा यायची. आता आंतरवासिता, म्हणजे शाळेत जाऊन शिकवण्याचा सराव, मोठी आहे, शिक्षक आणि मुलं एकमेकांना खरंच ओळखतात. मानपत्रांत ते उतरतं.

म्हणूनच उपस्थितीचं मला फार लागतं. स्वतःची ट्रॉफी घेतली की काहीजण मित्रांना घेऊन बाहेर जातात आणि पुढचं मानपत्र अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांपुढे वाचलं जातं. जनसंज्ञापनचे माजी विद्यार्थी तर बातमीदारीचं कारण सांगून येतच नाहीत. बातमीला वेळ नसते हे मला कळतं. पण रविवारी मेगाब्लॉक असतानाही आमच्या जुन्या मुली पनवेलहून, विरारहून मुलाबाळांसकट येतात. वर्षातून एक सकाळ काढता येते. ज्यांना त्या मंचावरून आपलं मानपत्र ऐकायला मिळालं, त्यांनी तरी दुसऱ्याचं ऐकायला यायलाच हवं.

आभाराचं काम माझ्याकडे असतं. तोवर वड्यांचा वास आलेला असतो आणि मला घाई करावी लागते, म्हणून ज्यांची नावं घाईत घेतली जातात त्यांना इथे सावकाश आठवते. आदल्या रात्री खुर्च्या लावून टेबलक्लॉथला स्वतः इस्त्री करणारे शिपाई मामा. स्टुडिओतले तांत्रिक सहायक, ज्यांच्यामुळे आमचा माइक कधी शिट्टी मारत नाही. आयत्या वेळी नाव बदललं तरी न कुरकुरता मानपत्र पुन्हा छापून देणारे गिरगावातले छापखानेवाले काका. रांगोळी काढणाऱ्या प्रथम वर्षाच्या मुली, पार्किंग सांभाळणारे एन.एस.एस.चे स्वयंसेवक, कॅन्टीनचे अण्णा, सगळे गेल्यावर सभागृह झाडणाऱ्या दोघी मावशी, त्यांच्यासाठी दार उघडं ठेवून थांबणारे वॉचमन काका. लेखा विभागातले दादा, जे दरवर्षी खर्चाला नाही म्हणतात आणि दरवर्षी मंजूर करतात. फोटो काढणारा मुलगा, जो स्वतः एकाही फोटोत नसतो. फुलवाल्या ताई राहिल्याच होत्या. त्या हारांचे पैसे घेतात, पण तसबिरींची फुलं त्यांच्याकडून असतात.

आणि ग्रंथालयातल्या बाई. पीएच.डी.च्या प्रत्येक मानपत्रात कुठेतरी त्यांचं नाव येतंच. कुणाला जुन्या अंकांची फाइल शोधून दिलेली, कुणासाठी बंद व्हायच्या वेळेनंतर तासभर दिवा चालू ठेवलेला. त्यांचं स्वतःचं मानपत्र मात्र झालेलं नाही, कारण आमचा गौरव प्राध्यापक आणि विद्यार्थी यांच्यापुरताच राहिला. त्या येत्या मे महिन्यात निवृत्त होत आहेत. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही मानपत्र द्यावं, असा ठराव मी मंडळाच्या सभेत मांडला आहे. लिहायला दोन्ही विभागांतून एकेक मुलगी तयार आहे, आणि दोघींनी ग्रंथालयात बसून टिपणं काढायला सुरुवातही केली आहे.